हौसाला घेऊन भिवंडीपर्यंत

पडघ्याच्या शेतात भात कापताना हौसाला नाग डसला. भिवंडीहून येणारी अ‍ॅम्ब्युलन्स पलीकडच्या लेनवर ट्रकांच्या कोंडीत अडकलेली. शेतमालकीण निशाने तिला आपल्या चारशे सीसीच्या मोटारसायकलवर बसवलं, ओढणीने पाठीशी घट्ट बांधलं आणि हायवे गाठला. दोघींचं वजन असूनही सहाव्या गिअरमध्ये गाडी शंभरच्या पुढेही थरथरली नाही. थरथरत होती ती निशाच.

"डोलं मिटतान, ताई."

"मिटू नकोस! लेकीचं नाव सांग!"

"धाकली..."

मग हौसाचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं. निशा रडत हाका मारत राहिली, पण तिने वेग कमी केला नाही. भिवंडीत डॉक्टरांनी हौसाला उचलून आत नेलं.

"श्वास चालू आहे," ते म्हणाले, "पण आताच काही सांगता येत नाही."

तिसऱ्या दिवशी हौसाने पाणी मागितलं.