कोपऱ्यातली रुखमिण

ताराचंद सरांनी माईकवर दोनदा टिचकी मारली, घसा खाकरला आणि पुन्हा एकदा प्रागला निघाले. दुसऱ्या रांगेत बसलेल्या रुखमिणीनं कपाळाला हात लावला. तासाभरात हा माणूस वॉर्साला जाऊन आला होता, टोकियोला जाऊन आला होता, कुठल्याशा बेटावर चार दिवस मुक्कामही करून आला होता. ज्या एकोडी गावानं सत्काराला बोलावलं, तिथं मात्र अजून पोचायचाच होता.

साहित्याचे प्राध्यापक म्हणे. छत्तीस वर्षं शिकवलं, त्यातली निम्मी विमानात गेली आणि उरलेली विमानात काय खायला दिलं ते सांगण्यात. आणि हा सगळा टेंभा एका शब्दाच्या जोरावर. रोवणा, म्हणजे भातलावणी, उरकताना बांधीच्या कोपऱ्यात एवढासा तुकडा लावायचा राहून जातो, त्याला एकोडीत 'रुखमिण' म्हणतात. सरांनी त्याचं जाडजूड पुस्तक केलं. बायका तो कोपरा मुद्दाम सोडतात, देवी रुक्मिणीचा वाटा म्हणून रिकामा ठेवतात, असं त्यांनी सात देशांत सांगितलं आणि सातही देशांनी माना डोलावल्या. डोलावणारच. त्यांच्यातल्या कोणाच्या बापानं बांधी पाहिली होती?

देवी इथं दुसऱ्या रांगेत गुडघे चोळत बसली होती.

बेचाळीस वर्षांपूर्वी रुखमिण या गावात नवी सून होती, सातव्या महिन्याची पोटुशी. रोवण्याच्या बायकांची म्होरकी तिची थोरली जाऊ, कुंताबाई. वाकून वाकून रुखमिणीची कंबर मोडली, ती मागं पडली आणि तिच्या वाट्याचा कोपरा तसाच राहिला. कुंताबाई ओरडली, रुखमिण राहिली व! बायका खो खो हसल्या. त्या हसण्यातच रुखमिणीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्ध आली ती साकोलीच्या दवाखान्यात, आणि पोटातलं लेकरू गेलेलं. पुढच्या पावसाळ्यापासून राहिलेल्या कोपऱ्याला सगळं गाव रुखमिण म्हणू लागलं. कुंताबाईनं एक-दोनदा बोलायला पाहिलं, पण रुखमिणीनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. आपण चिखलात पडलो अन् ही बाई हसत उभी राहिली, एवढं एकच तिनं मनात धरलं होतं. गेल्या वर्षी कुंताबाई वारली, तेव्हासुद्धा रुखमिण लोकांना दाखवायला दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

आज ती एवढ्याचसाठी आली होती. या शहाण्याला चारचौघांत सांगायचं, की बाबा, तुझी देवी-बिवी काही नाही, ती माझी फजिती आहे. पुरे झालं, माझं नाव सोड. वाक्यं तिनं सकाळपासून घोकली होती.

सर एकदाचे एकोडीत उतरले. तरुणपणी आपण टेपरेकॉर्डर खांद्याला लावून याच शिवारात कसे हिंडलो ते सांगताना त्यांचा आवाज भरून आला. तो त्यांना हवा तेव्हा भरून येत असे. मग त्यांनी निकेशला खूण केली. निकेश म्हणजे कुंताबाईचा मुलगा, कार्यक्रमाची सगळी धावपळ त्याच्याचकडे. त्यानं ती जुनी टेप उतरवलेला सरांचा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला.

आधी नुसती खरखर आली, मग पाण्याचा डुबुक डुबुक आवाज, लांबून रोवण्याचं गाणं. आणि एकदम कुंताबाई.

"रुखमिण राहिली व!"

बायका हसल्या. त्या हसण्याखाली कोणीतरी कण्हलं. सर बोट वर करून म्हणाले, ऐकलंत? गाण्यामागचा हा हुंकार, ही भूमीशी एकरूप झालेली स्त्री. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तो हुंकार रुखमिणीचाच होता. घोकलेलं सगळं ती विसरली.

सरांनी निकेशला बंद करायची खूण केली. पुढं नुसता गोंगाट आहे, कामाचं काही नाही, असं हसून सांगितलं. निकेशचा हात पुढं झाला.

"हात नको लावू, निकेश," रुखमिण उभी राहून म्हणाली. "चालू राहू दे."

सर म्हणाले, वेळ फार झाला आहे, जेवणं खोळंबली आहेत. पण आईचा बेचाळीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकून निकेश आधीच पुतळा झाला होता. त्यानं हात मागं घेतला.

हसणं विरलं, बायकांचं गाणं लांब लांब गेलं. पाण्यात कोणीतरी धप धप पळालं. मग कुंताबाईचा आवाज आला, चिरका, घाबरलेला.

"माय व! रगत जाऊन राहिलं पोरीचं! अगा मास्तर, थो डबा ठेव खाली अन् धर तिले! मले एकटीले उचलत नाही!"

आणि माईकच्या अगदी जवळून एक कोवळा, शुद्ध आवाज.

"एक मिनिट थांबा, बाई. गाणं पूर्ण होऊ द्या."

लांब गेलेल्या बायकांना काही कळलं नव्हतं, त्या गातच होत्या. कुंताबाई त्याला शिव्या देत होती, रडत होती, रुखमिणीचं नाव घेऊन हाका मारत होती. गाणं पूर्ण झालं. मग खट्ट असा आवाज होऊन टेप संपली.

सरांनी शाल नीट केली, पुन्हा नीट केली. पाहुणे आपापल्या पत्रिका वाचू लागले. सात देशांत हा माणूस टेप नेमकी कुठं थांबवत आला होता, ते रुखमिणीला कळलं. त्याचं ते कोपऱ्याबद्दलचं अज्ञान तिनं माफ केलं असतं. पण त्याला सगळं ठाऊक होतं.

"झालं का सर तुमचं एक मिनिट?" तिनं विचारलं.

उत्तरासाठी ती थांबली नाही. खुर्च्यांमधून वाट काढत लॅपटॉपपाशी गेली, निकेशचा दंड धरला.

"तुही माय धावली होती गा," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडली.