साखरबाईची चूळ

"आलं! आलं बगा भाईर!" साखरबाई ओरडली आणि ताटात काहीतरी थुंकली. घोड नदीकाठच्या आमच्या वस्तीवरचं समाजमंदिर गच्च भरलं होतं. ताटात उसाच्या चिपाडाचा ओला तुकडा पडला होता. जुलाब लागलेल्या पोराच्या बेंबीवर पितळी नळी टेकवून बाईनं तो तोंडानं ओढून काढला म्हणे! कातडीला भोक नाही, रक्ताचा थेंब नाही आणि चिपाड बाहेर. लोकांनी हात जोडले. मी कपाळावर हात मारला.

मी जास्मिन, इथल्या उपकेंद्राची नर्स. वस्तीवर जुलाबाची साथ येऊन तीन दिवस झाले होते. मी दारोदार ओआरएसच्या पुड्या वाटत होते आणि आज ही बाई जीपमधून उतरून माझ्या कष्टांवर पाणी फिरवत होती.

"अडकलेलं निगालं, आता आतडं मोकळं," ती सांगत होती. "दोन दिस पाण्याचा थेंब द्यायचा न्हाई. अंगावरचं दूदबी बंद. न्हाईतर देवी कोपल!"

पुढचा नंबर ऊस बागायतदार जयसिंग आबांच्या अकरा महिन्यांच्या नातीचा होता. तिची आई अपेक्षा तिला मांडीवर घेऊन बसली होती. साखरबाईला आधीपासून मानणाऱ्या त्या घरात, ती यायच्या आधीच, कालपासून पोरीचं पाणी तोडलं होतं. मी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती पटकन सपाट झाली नाही, सावकाश बसली. डोळे खोल गेलेले, रडताना त्यांत पाणी नाही. पण मी ओआरएसची वाटी पुढे करताच पोरीनं झडप घातली. म्हणजे अजून वेळ होता, फार नव्हता.

आबांनी वाटी बाजूला सारली.

"आबा, पोर सुकलीय. आत्ता पाजायला पायजे."

आबा कारखान्याच्या सभेत बोलावं तसं बोलले, "पाइपलाइन फुटली तर आधी मोटार बंद करत्यात, सिस्टर. वरनं पाणी सोडून कसं चालंल?"

माझं डोकंच सणकलं. "लेकरू म्हंजी पाइप न्हाई, आबा! रोप सुकाय लागलं की तुम्ही त्याचं पाणी तोडता व्हय?"

साखरबाईनं नळी उचलली. "नर्सबाई, बाजूला व्हा. ये गं आई, वढ गं आई..."

"थांबा. सकाळपास्नं चार पोरांच्या पोटाला हीच नळी लावून त्वांडानं वढलंय तुम्ही. रोग असाच पसरतो. आधी चूळ भरा."

"मंतरलेलं त्वांड हाय माजं! धुतलं की गुण जातो."

सासऱ्यापुढे कधी आवाज न चढवणारी अपेक्षा ताडकन उठली. "चूळ भरल्याबिगर माज्या पोरीला शिवायचं न्हाई!"

आबा सुनेकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "भरा की बाई. चुळीनं देवी पळती व्हय?"

तांब्या तोंडाला लावण्याआधी बाई काहीतरी गिळायला गेली. जोराचा ठसका लागला. मी पाठीत थाप मारली आणि ताटात पडलं शेंगेचं टरफल, केसांचा गुंता, चिंचोक्याची साल! रांगेत तीन पोरं उरली होती. तिघांच्याही पोटातलं बाईच्या गालात तयार होतं.

तरी ती नमेना. "मग आजवर येवढी पोरं बरी कशी झाली?"

"बहुतेक जुलाब आठवडाभरात आपसूक थांबत्यात. तुम्ही चौथ्या दिवशी येता आन् पाचव्याचं श्रेय घेता. पाणी तोडून जी गेली, ती पोरं कुणाच्या नावावर?"

ती नळी उचलून चालती झाली. मी त्याच संध्याकाळी पोलिसांत तक्रार दिली.

त्याआधी मात्र चमचा. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात एक पुडी, मिनिटा-दोन मिनिटांनी चमचाभर. उलटी झाली, तेव्हा दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरुवात. मधे आईचं दूध. चमचा आबांनीच हातात घेतला होता. तीन तासांनी त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर गरम धार आली. "मुतली! सिस्टर, पोरगी मुतली!" आबा ओला लेंगा धरून नाचायचे बाकी राहिले. लघवी झाली म्हणजे अंगात पाणी परतलं होतं; मला रडू आलं.

लोकहो, पोराच्या पोटात देवी काही चिकटवत नाही. घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून जंतू जातात आणि अंगातलं पाणी-मीठ वाहून जातं. ते भरून द्या. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्या. पोर निपचित पडलं, पिईना, शीमध्ये रक्त दिसलं तर तडक दवाखाना गाठा. माझ्याशी भांडायचं असेल तर खुशाल या. पण आधी पोराला पाजा.