डावीकडे ओढलेली चौकट

हनुआबादा गावातल्या चर्चच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर ठिपक्यांची दोन चित्रं शेजारी शेजारी झळकली आणि ब्रदर मोरेआ गरजला, "रोगाशी लढणारे सैनिक पहिल्यात किती? एकशे बारा! हा रोगी चाळीस दिवस माझा नोनीच्या फळाचा रस प्यायला, आणि आता? सहाशे चाळीस! मशीन खोटं बोलतं का?"

"नाही!" सभागृह दुमदुमलं.

कोनियो मागे उभी होती. ती दवाखान्यात रक्त तपासायची. पहिलं चित्र तिच्याच मशीनवरचं होतं आणि रक्त तिच्या धाकट्या भावाचं, वागीचं. त्याला एचआयव्ही असल्याचं गावात कुणालाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या रांगेत तो मान खाली घालून बसला होता.

त्याच चित्रांचे दारात वाटलेले दोन्ही कागद घेऊन कोनियो पुढे गेली. एकावर एक ठेवून तिनं ते खिडकीच्या काचेवर उजेडात दाबून धरले.

"एक ठिपका म्हणजे रक्तातली एक पेशी. आपल्याला हव्या त्या उजवीकडच्या पुंजक्यात असतात. त्याभोवती चौकट आखायची आणि आतल्या मोजायच्या. यानं चौकट डावीकडे ओढून भलत्याच पेशी आत घेतल्यात. बघा, ठिपका एकही हललेला नाही. खरंच दुसऱ्यांदा रक्त काढलं असतं, तर ते असे जुळले नसते."

म्हाताऱ्या हेनीनं काचेला नाक लावलं. "अगं बाई, सगळे तेच की!"

मोरेआ हसला. "देवानं एकेक पेशी जागच्या जागी राखली, हाच तर चमत्कार! आणि हुशारबाई, हा कागद कुणाचा ते तरी सांग."

कोनियोची नजर वागीकडे गेली. "ते सांगता येणार नाही."

"पाहिलंत?" मोरेआ म्हणाला. लोक खदाखदा हसले आणि बाटल्यांसाठी पुन्हा रांग लागली.

घरी तिनं वागीला विचारलं, "गोळ्या?"

"दोन महिने बंद आहेत."

"कागद तूच दिलास त्याला?"

"हो. तू दाखवलंस ते कळलं गं ताई. पण सहाशे चाळीस वाचलं, त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवलो."

"उद्या चल दवाखान्यात."

"एवढी बाटली संपू दे."

तीन महिन्यांनी त्याला दवाखान्यात उचलूनच आणलं. त्याचे ठिपके पडद्यावर उमटले. कोनियोचा हात माऊसवर थांबला. चौकट जराशी ओढली असती तर आकडा वाढला असता, पण वागीच्या अंगात एकही पेशी वाढली नसती. तिनं हात मागे घेतला.

"किती?" वागीनं विचारलं.

"एकेचाळीस. गोळ्या आजपासून सुरू."

"उशीर झाला का?"

"मला नाही माहीत रे."

बाहेर गोळ्यांच्या रांगेतल्या चौघींच्या पिशव्यांतून त्याच रसाच्या बाटल्या डोकावत होत्या. कोनियो त्यांच्यापुढे उभी राहिली. "आकडा दाखवला की मान डोलावू नका. कसा मोजला ते विचारा. दोनदा विचारा, मला पण विचारा. पण कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या सोडू नका."

एकीनं बाटली बाहेर काढून बाकावर ठेवली. बाकीच्या तिघींनी पिशव्या लपवाव्यात तशा अंगाजवळ ओढल्या. आत वागीला खोकल्याची उबळ आली, तशी कोनियो धावली.