झणझणणारा डफ

जैनोद्दीनचाचांनी मढवलेला डफ झणझणत नाही, हे परंड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना चाचा स्वतः सांगत. अलीकडं मात्र सांगायला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. लोक कुर्डुवाडीहून प्लॅस्टिकच्या पडद्याचे डफ आणत आणि खुशाल बडवत.

अशात कॉलेजच्या राजेश्वरीबाई एक परदेशी डफ घेऊन आल्या. मोरोक्कोचा इद्रिस, कोलंबियाची दोघं बहीणभाऊ आणि स्पेनचा एक गिटारवाला, असा तो वाद्यवृंद किल्ल्याजवळच्या मैदानात गाणार होता. गाणी इद्रिसच्या गावाकडची, ताल कोलंबियाचे. प्रवासात इद्रिसच्या डफाचं कातडं फाटलं होतं.

चाचांनी डफ उलटा केला. कातड्याच्या आतल्या बाजूनं, या कडेपासून त्या कडेपर्यंत आतड्याच्या दोऱ्या ताणलेल्या. कुण्या नवशिक्यानं फाटकं कातडं सावरायला बांधल्या असतील, असं म्हणून त्यांनी त्या सोडल्या. चांगली दोरी टाकवेना म्हणून कोनाड्यात ठेवली. मग बकऱ्याचं कातडं असं चढवलं की स्वतःलाच कौतुक वाटलं. कैक दिवसांनी त्यांचं काम सगळं गाव ऐकणार होतं. त्यांनी दाढी कोरून घेतली, कुर्त्याला इस्त्री केली.

कार्यक्रमाच्या दुपारी इद्रिसनं डफावर थाप मारली. स्वच्छ, गोल आवाज घुमला. चाचांनी ऐटीत इकडंतिकडं पाहिलं. इद्रिसचा चेहरा मात्र उतरला. त्यानं डफाच्या आत बोटं फिरवली आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. राजेश्वरीबाईंनी ते चाचांना समजावलं. त्या दोऱ्यांमुळंच डफ झणझणतो, आणि त्याच्याकडं डफ झणझणायलाच हवा, नाहीतर ते गाणं त्याच्या गावचं राहत नाही. पण चाचांनी मनाला लावून घेऊ नये, आज असंच वाजवू, असंही तो म्हणत होता. वर छातीवर हात ठेवून त्यानं आभार मानले.

म्हणजे चाचांनी नुसतं गप्प बसायचं होतं. संध्याकाळी डफ स्वच्छ वाजला असता आणि गावानं पाठ थोपटली असती. पण चाचा उठले आणि डफ घेऊन घरी गेले.

कोनाडा रिकामा होता. एवढी मजबूत दोरी लोळत कशाला ठेवायची म्हणून त्यांच्या बायकोनं, ताहेराबींनी, ती लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर फडक्याच्या दादऱ्याला बांधली होती. चाचा ती सोडायला लागले तेव्हा ताहेराबींनी सगळं विचारून घेतलं.

"आन् लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"डफ त्याचा हाय," चाचा म्हणाले.

संध्याकाळी मैदान भरलं. बहिणीच्या हातातले खुळखुळे, भावाचा ढोल, गिटार, आणि या सगळ्यांतून पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी डफाची झणझण. इद्रिस डोळे मिटून गात होता. लोकांनी ठेका धरला.

मागच्या खुर्चीवर हलगीवाला गुंडप्पा बसला होता. त्याची हयात चाचांनी मढवलेल्या हलग्या वाजवण्यात गेली होती. तो पुढं वाकला.

"चाचा, डफ झणझणतोय की. हात थकला वाटतं तुमचा."

चाचांच्या काळजाला ते लागलं. समजावून सांगता आलं असतं. पण गाणं चालू होतं, आणि बोलत बसलं असतं तर ऐकायचं राहिलं असतं.

"व्हय," ते म्हणाले. "झणझणतोय."