पालटवाले सर

अमरावतीच्या कुंदाताई जोशींना महाराष्ट्रभरातले लोक 'सर' म्हणत. त्याचं असं झालं. एका वकिलाकडे बावीस वर्षं टायपिंग करणाऱ्या या बाई 'पालट' नावाचा प्रोग्राम वापरत. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर आजच्या संगणकाला वाचता येईल असा करून देणं, एवढंच त्याचं काम. तो फुकट होता, त्याचा कोड कोणालाही पाहायला उघडा होता, आणि तो लिहिला होता चंद्रभान नावाच्या कोणा गृहस्थानं. बाकीचे प्रोग्राम 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' करून ठेवत. पालट तेवढा त्या 'ऱ्ह'ला धक्का लावत नसे. ताई चुका इतक्या नेमक्या कळवत, की चंद्रभाननं त्यांना इंटरनेटवरच्या पालटच्या पानावर, पालटच्याच नावानं, लोकांना उत्तरं द्यायची मुभा देऊन टाकली. मग एक दिवस तो स्वतःच गप्प झाला.

चार वर्षं झाली त्याला. रोज जेवणाच्या सुट्टीत ताईंच्या एका हातात पोळीची गुंडाळी आणि दुसऱ्या हातानं उत्तरं. उत्तर देणारी बाई आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं. "सर, अर्जंट आहे." "सर, कालपासून वाट पाहतोय." "सर, जमत नसेल तर बंद करा ना." बंद करा म्हणे! फुकटचं वापरायचं आणि वर हा तोरा. ताई निमूट उत्तर देत. चंद्रभान कधीतरी परत येईल, तेव्हा त्याचं घर त्याला झाडलेलं मिळावं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

आता मात्र अडलं. नव्या संगणकांवर पालट उघडेना. पुण्याच्या श्रेयस नावाच्या मुलानं दुरुस्ती करून पाठवली होती. ती आठ महिने तशीच पडून, कारण नवी आवृत्ती बाहेर काढायचा अधिकार एकट्या चंद्रभानकडे. जुने संगणक भंगारात गेले की त्यांच्याबरोबर पालटही जाणार होता.

त्याला शोधायचं कुठे? प्रोग्रामची चाचणी घ्यायला त्यानं एक वाक्य घालून ठेवलं होतं: 'तेल्हाऱ्याच्या शेजाऱ्याचं वऱ्हाड अकोल्यात जेवलं.' पुण्यामुंबईचा माणूस असं वाक्य कशाला लिहील! ताईंनी अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यात फोनाफोनी केली. संगणकवाला चंद्रभान म्हटल्यावर त्याची वहिनी, लीलाबाई सापडली आणि तिनं अकोल्यातल्या झेरॉक्सच्या दुकानाचा पत्ता दिला.

शनिवारी ताई तिथे पोचल्या तेव्हा पन्नाशीचा चंद्रभान कोणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेट करत होता. ताईंचं नाव ऐकताच त्यानं मशीन बंद केलं, स्टूल पुढे सरकवलं आणि चहा मागवला.

"काहून गेलात हो न सांगता?" ताईंनी सरळच विचारलं.

"बाबाच्या तेरवीच्या दिवशी एकानं शिवी घातली, ताई. फाइल अर्जंट होती त्याची. मी फोन बंद केला, तो केलाच."

"मग नंतर एकदा तरी पाहायचं होतं."

"पायतो ना. रोज पायतो. तुमी उत्तरं देऊन राहिल्या, ते बी माह्यापेक्षा गोडीनं. मले वाटलं, मस्त चालून राहिलं. आपली काय गरज?"

त्यानं परत यावं म्हणून चार वर्षं इतकं नेटानं सांभाळलं, आणि नेमका त्यामुळेच तो आला नव्हता. ताईंना रडूच आलं. चहा फार गरम आहे म्हणाल्या.

"परत या हो."

"नाई जमत, ताई. ते पान नुसतं वाचतो, पण लिवाले बसलो का छातीत धडधडते."

त्यानं तिथल्या तिथे सगळे अधिकार ताईंच्या नावावर करून दिले. दहा मिनिटांचं काम होतं.

रविवारी ताईंनी श्रेयसची दुरुस्ती घालून नवी आवृत्ती काढली. मग पानावर लिहिलं: 'इथे सर नाहीत. चार वर्षं उत्तरं देणारी ती मी, कुंदा जोशी, अमरावती. मी थकले आहे. एकटीला हे आता होत नाही.' पाठवताना त्यांना फार लाज वाटली.

तासाभरात पहिलं उत्तर आलं. "ठीक आहे सर, पण माझी फाइल अर्जंट आहे."

ताईंनी सुस्कारा सोडला, चष्मा लावला आणि फाइल उघडायला घेतली. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली.

"ताईले तरास देऊ नका. ती फाइल मले पाठवा. चंद्रभान, अकोला."

ताईंनी चष्मा काढून ठेवला.