साक्षीची चपराक

आमच्या घराण्याची वंशावळ ऐकायची असेल तर माझ्या भावाकडे जेवायला जा. डुकराचं मांस ताटात पडायच्या आत त्याचा भाट सुरू होतो. बोटीतून आलेला थोर तुर्गिस, तुर्गिसचा अन्सगोत, अन्सगोतचा तुर्स्तीन, लांगबेकचे धनी. थोर तुर्गिस कसला, दरोडेखोर होता. नदीकाठचे मठ लुटून झाले, जाळायला काही उरलं नाही, तेव्हा तिथेच नांगर धरला. तेही एक वेळ मी ऐकून घेईन. माझं डोकं फिरतं ते पुढे. तुर्स्तीन म्हणजे हा माझा भाऊ आणि अन्सगोत म्हणजे आमचे बाबा. त्यांच्या नावाशेजारी भाट कुठल्याशा फ्रेंच सरदाराच्या मुलीचं नाव गातो. ती लग्न झाल्या वर्षीच तापाने गेली, मूलबाळ काही नाही. आम्हा दोघांना जन्म दिला तोव्हाने, आणि तिचं नाव त्या घरात कोणी काढत नाही.

बाबांनी आईशी लग्न केलं ते डेन रीतीने, बोटीतून आलेल्या आमच्या लोकांच्या जुन्या रीतीने. सगळ्या गावासमोर दोघं एका पेल्यातून प्याले, बाबांनी तिचा हात धरला, झालं. पाद्री नव्हता. बाबांच्या आईचं लग्न असंच झालं होतं, आणि तुर्गिसच्या आईचंही असंच. आता पाद्री अशा बायकोला ठेवलेली म्हणतात, आणि माझा भाऊ मान डोलावतो.

परवा आई गेली. तुर्स्तीनने हुकूम सोडला, मठाच्या कुंपणाबाहेर, धोबिणी आणि मेंढके पुरतात तिथे तिला पुरा. कारण सरळ होतं. त्याच्या मुलासाठी एका काउंटची मुलगी सांगून आली होती आणि काउंटची माणसं घराणं पारखायला येऊन बसली होती. मठाच्या देवळात बाबांच्या थडग्याच्या दगडाखाली तोव्हा गेली असती तर भाटाच्या गाण्यावर पाणी पडलं असतं.

मी आईला फळीवर ठेवलं, नांगर धरणारे चार गडी बोलावले आणि तिला थेट मठाच्या देवळात नेलं. मठाच्या फादर गोंतारना सांगितलं की नदीकाठची सफरचंदाची बाग बाबांनी मठाला फुकट दिलेली नाही. अट होती, आपण आणि तोव्हा एकाच दगडाखाली. फादर माणूस वाईट नाही, पण नवा. लिहिलेलं काही नव्हतं. तेव्हा इथे लाकडी खोपटं होतं आणि लिहिणारं कोणी नव्हतं. बाग दिली त्या दिवशी हजर असलेले बहुतेक जण समुद्रापलीकडे इंग्लंडात जमिनी मिळवायला गेले आणि तिथेच मेले.

उरला एकच साक्षीदार. जमीन देताना आमच्याकडे एखाद्या पोराला चपराक मारतात, म्हणजे त्याला जन्मभर लक्षात राहतं. बाबांनी दानाची खूण म्हणून वेदीवर सुरी ठेवली, अट सांगितली, आणि तुर्स्तीनला अशी लगावली की तो जमिनीवर पडला. तेव्हापासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. पंगतीत सांगतो, फ्रेंचांच्या गदेचा घाव. त्या दिवशी मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्याच्याहून मोठी, अट शब्दन् शब्द ऐकलेली. पण मुलींना कोण मारतं? मुलीची आठवण पंचांपुढे चालत नाही.

फादरनी त्याला बोलावणं पाठवलं. तो शिपाई घेऊन आला, मागून काउंटची माणसं आली. त्याने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. फादरनी शपथेसाठी संताच्या अस्थींची पेटी पुढे केली. त्याने तिच्यावर हात ठेवला.

"लहान होतो," तो म्हणाला. "मला काही आठवत नाही."

माझ्या उजव्या हातात आईच्या फळीचा कोपरा होता. म्हणून मी डाव्या हाताने त्याला चपराक मारली, असेल नसेल ती ताकद लावून, सगळ्यांदेखत. त्याच्या शिपायांनी तलवारीला हात घातला. मला कशाची पर्वा नव्हती. माझी आई लाकडासारखी पडली होती आणि तिचा मुलगा देवाच्या दारात खोटं बोलत होता.

मी मारलं होतं उजव्या गालावर. त्याचा हात गेला डाव्या कानाकडे.

फादर गोंतार त्या हाताकडे बघत राहिले. "धनी," ते हळूच म्हणाले, "तिने तिकडे मारलेलं नाही."

तुर्स्तीनने हात खाली घेतला. त्याचा चेहरा पडला होता. मग तो आईकडे बघून म्हणाला, "बाबांच्या हाताला सफरचंदांचा वास येत होता."

काउंटची माणसं देवाच्या पाया न पडताच बाहेर गेली. घोड्यांचे आवाज आले. सोयरीक मोडली हे तिथल्या सगळ्यांनाच कळलं. गड्यांनी पहार घालून दगड उचलला आणि आईला बाबांच्या उजव्या हाताला निजवलं. दगड परत बसला, तसे फादर साक्षीसाठी एखादं पोरगं शोधू लागले.

"पोर नको," मी म्हणाले, आणि तुर्स्तीनसमोर जाऊन उभी राहिले. "मार मला."

"ताई, बायकांना कोणी..."

"ठाऊक आहे मला. मार."

सोयरीक गेल्याचा राग त्याच्या अंगात होताच. त्याने हात राखला नाही, अगदी बाबांसारखी मारली. माझा कान अजून गुणगुणतोय. त्याच्या भाटाला काय गायचं ते गाऊ दे. त्या दगडाखाली कोण आहे, ते मला विचारा.