नकाशाचा ताबा

आमचा जनावरांचा फिरता दवाखाना. म्हणजे एक गाडी, एक डॉक्टरबाई आणि गाडी चालवणारा मी. पूल ओलांडून डोंगराला लागलं की फोनला रेंज नाही, फाट्यावर पाटी नाही, आणि विचारावं तर चिटपाखरू नाही. म्हणून बाईंनी ऑफिसच्या फोनवर नेटशिवाय चालणारा नकाशा उतरवून घ्यायचं ठरवलं. फोनने साधा प्रश्न विचारला: नकाशा कुठे ठेवू, फोनमध्ये की मेमरी कार्डात?

बाई बोट टेकवणार तोच मागून हेडक्लार्क म्हणाले, "थांबा. हा निर्णय तुमच्या पातळीवरचा नाही."

झालं. वस्तू वापरली की झिजते आणि झिजली की चौकशी होते, यावर या माणसाची श्रद्धा. त्यांच्या कपाटातला थर्मामीटर अजून एकाही तापाला लागलेला नाही. लगेच फाइल निघाली. फोनमध्ये ठेवावा तर फोन हरवला की नकाशाही गेला. कार्डात ठेवावा तर कार्ड नखाएवढं, पडलं तर केरात जायचं. वरून साहेबांनी विचारलं, नकाशा ही वस्तू धरायची की कागदपत्र? त्यावर दोन बैठका झाल्या. तीन आठवडे हे गुऱ्हाळ चाललं आणि तेवढ्यात आम्ही दोनदा वाट चुकून दगडाच्या खाणीत जाऊन पोचलो.

शेवटी निकाल लागला. नकाशा कार्डात. कार्ड लाखेचं सील केलेल्या पाकिटात, पाकीट कपाटात, किल्ली हेडक्लार्कांच्या खिशात. दौऱ्याला निघताना सही करून न्यायचं, आल्यावर परत सील. वेळ अकरा ते पाच.

"आणि जनावर सकाळी अडलं तर?" बाईंनी विचारलं.

"त्याची नोंद अकरानंतर घेऊ," हेडक्लार्क म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. मी मात्र हसलो, आणि लाख वितळवायला मेणबत्तीही मीच धरली.

चौथ्या दिवशी सकाळी सातला फोन आला. डोंगरातली एक बाई, घरात एकटी. गाय रात्रीपासून अडली होती, वासरू आडवं आलं होतं. फोन करायला ती पुलापर्यंत चालत आली होती. तिथेच थांबा म्हटलं, तर म्हणाली, "गाईपाशी कोणी नाही हो. मी जाते, तुम्ही या." आणि ठेवून दिला.

मी हेडक्लार्कांना फोन लावला. दुसऱ्यांदा उचलला.

"किल्ली माझ्यापाशीच आहे," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण ऑफिस उघडल्याशिवाय कपाट उघडता येत नाही."

तसेच निघालो. पहिल्या फाट्याला बाई म्हणाल्या डावीकडे, मी म्हणालो उजवीकडे, आणि वीस वर्षं गाडी चालवल्याचा तोरा मी मिरवला. तासाभराने खाण आली. बाईंनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. ती गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बाईंनी बाह्या सारल्या. अर्ध्या तासाने वासरू बाहेर आलं, गाय वाचली. वासरू हललं नाही.

"कधी गेलं असेल?" तिने विचारलं.

"तासाभरापूर्वी." आमच्या बाईंना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा मोठाच दोष आहे.

तिने गोणपाटाने वासराचं तोंड पुसलं, मग पाय पुसले. "कालवड होती," म्हणाली. "कालवड होईल म्हणूनच तर गाय विकली नव्हती." आणि आम्ही एवढ्या लांबून आलो म्हणून तिने मला प्यायला पाणी दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकच्या सुमाराला ऑफिसात आलो. हेडक्लार्कांनी कपाट उघडून पाकीट पुढे धरलं. "बघा, सील जसंच्या तसं आहे. तुमच्या सकाळच्या धावपळीत हे कुठे पडलं असतं म्हणजे?"

बाईंनी पाकीट घेतलं, सील फोडलं, कार्ड फोनमध्ये सरकवलं आणि नकाशा फोनमध्ये हलवण्यासाठी बोट टेकवलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. चार मिनिटं लागली.

बाईंनी मोकळं पाकीट टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेल्या. हेडक्लार्कांनी ते उचलून आत डोकावून बघितलं. मग खरोखरच काळजीने त्यांनी मला विचारलं, "पण मग आता कपाटात काय ठेवायचं?"

आत नळ चालूच होता. कोपरापर्यंतचं रक्त वाळलं होतं, लवकर निघत नव्हतं.